एकोणचाळीस मंगळवारांचं पाणी

अनंतराव परतूरकरांनी चौतीस वर्षं तहसील कचेरीच्या नक्कल विभागात काढली. कुणाला सातबारा हवा, कुणाला जुना फेरफार हवा, कुणाला पणजोबांच्या नावाचा निजामाच्या अमदानीतला उर्दू कागद हवा. माणूस खिडकीशी यायचा, अर्ज द्यायचा, आणि अनंतराव आतल्या धुळीतून मूळ कागदांची मिसल शोधून तिची नक्कल काढायचे, खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचे. शिक्का उठला की ती गोष्ट खरी. नाही उठला तर तुमचं शेत डोळ्यांपुढे हिरवंगार पसरलेलं का असेना, अनंतरावांच्या लेखी ते अजून व्हायचं होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाही तर साखरेच्या गोळ्या मोजतात. अनंतरावांना यातलं काहीच जमलं नाही. शेजारच्या कडूबाची शिडी त्यांनी एकदा दोन दिवसांसाठी आणली होती. परत करताना एका चिठ्ठीवर ‘शिडी सुस्थितीत परत मिळाली’ असं लिहून त्यांनी खाली कडूबाची सही घेतली. कडूबा फुलंब्रीकडचा शेतकरी, मुलगा चिकलठाण्याच्या कंपनीत लागला म्हणून शहरात आलेला. त्यानं सही केली खरी, पण नंतर चार दिवस त्याच्या घशाखाली घास उतरेना. काकांनी आपली शेताची पट्टी तर लिहून घेतली नाही ना, म्हणून तो पाचव्या दिवशी गावी जाऊन तलाठ्याकडे खात्री करून आला. एवढं होऊनही त्याचा अनंतरावांवरचा राग टिकला नाही, कारण शिडीला एक पायरी नवी बसवलेली होती.

धरणीधर नगर म्हणजे जालना रोडवरून आत वळलं की लागणाऱ्या चार गल्ल्या. नळाला पाणी आठव्या दिवशी. त्या दिवशी इथला माणूस गावाला जात नाही, आजारी पडत नाही, आणि मुलगी बघायला पाहुणे येणार असतील तर त्यांनाही ‘उद्या या’ म्हणून फोन जातो. परतूरकरांच्या तिसऱ्या गल्लीला तर आणखी एक शोभा होती. तिथला पाइप जुना, नाल्याच्या कडेकडेनं आलेला. पाणी सुटलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं नळ पिवळं ओकायचा. वास असा की कडूबा म्हणायचा, “काका, हे पाणी रानात सोडलं तर खत टाकायचं कामच नाय.”

हेच पाणी प्रमोदिनीबाईंच्या, म्हणजे अनंतरावांच्या पत्नीच्या हाती लागलं की त्याचा पुनर्जन्म व्हायचा. आधी ते पिंपात निवळत ठेवायचं. मग तुरटी फिरवायची, मोजून अकरा फेरे, बारावा नाही. मग जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळायचं, पातेल्यात खळखळ उकळायचं, गार झाल्यावर आरोग्यसेविकेनं दिलेल्या औषधाचे थेंब टाकायचे आणि सकाळी माठात भरायचं. माठ दर रविवारी आतून घासलेला, पाण्यात वाळ्याची लहानशी जुडी. लग्नाला चाळीस वर्षं झाली. या चाळीस वर्षांत अनंतराव रोज ते पाणी प्यायले आणि फुलपात्र खाली ठेवून पेपराचं पुढचं पान उलटत आले. पाण्याबद्दल घरात काही बोलायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात कडूबाच्या नातीला, सात वर्षांच्या उमाला, कावीळ झाली. अख्ख्या गल्लीत पायाला भिंगरी लावून फिरणारी पोरगी महिनाभर पिवळीजर्द होऊन पडून राहिली. ती उठून बसली त्या दिवशी कडूबा परतूरकरांच्या ओट्यावर येऊन टेकला.

“काका, तुमाला कागदाचं कळतंय,” तो म्हणाला. “कायतरी करा. पुढच्या पावसाळ्याच्या आत हा पाइप निघाला पायजे. दुसऱ्या खेपंला नाय सोसायचं पोरीला.”

अनंतराव उठून उभे राहिले. चौतीस वर्षांत लोक त्यांच्याकडे नकला मागायला आले होते. कायतरी करा म्हणून कोणी आलं नव्हतं. त्यांनी आत जाऊन शर्ट बदलला आणि तडक पाण्याचं ऑफिस गाठलं.

तिथल्या साहेबांनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं. अनंतरावांना याचाच संशय यायला हवा होता. साहेबांनी कपाटातून एक यादी काढली. जुने पाइप बदलायचं काम मंजूर होतं, पण सगळे एकदम बदलता येत नव्हते. ज्या गल्लीच्या पाण्याचे नमुने नापास, ती गल्ली आधी.

“धरणीधर नगर, गल्ली तीन,” साहेबांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो काका, तुमची गल्ली तर आमच्याकडे पहिली आहे!”

“पहिली? मग कधी सुरू करताय काम?”

“काम नाही हो. पाण्यात पहिली. सगळे नमुने पास. सलग.”

अनंतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी त्यांच्या तोंडावर शिवी दिली असती तर ती त्यांनी ऐकून घेतली असती, पण हे सहन होईना. नळ पिवळा आणि कागद स्वच्छ, तर आजवरच्या त्यांच्या शिस्तीप्रमाणे नळच खोटा ठरत होता. कागदाविरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती. तेव्हा कागद बघितल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि घरी येऊन माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहायला घेतला.

अर्ज तीन दिवस चालला. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय विनंती की’ इथून निघालेला तो अर्ज सतरा मुद्दे आणि चाळीसेक पोटमुद्दे ओलांडून ‘कळावे’पर्यंत पोचला, तेव्हा त्याचे सव्वाअकराशे शब्द झाले होते. नमुना कुणी घेतला, कधी घेतला, कुणाच्या घरून घेतला, बाटली कसली होती, बाटलीला बूच होतं का, असल्यास कोणत्या प्रकारचं. एवढं देखणं काम त्यांच्या हातून नोकरीतही झालं नव्हतं. प्रमोदिनीबाईंनी मध्येच विचारलं, “एवढं काय लिहिताय?” त्यावर ते म्हणाले, “पाइपाचं.” कचेरीतलं घरात बोलायचं नाही हा त्यांचा जुना नियम होता, आणि आता स्वतःची कचेरी नसल्यामुळे तो ते जास्तच कडक पाळत होते.

ऑफिसात असे अर्ज घेणारे कारकून म्हणजे काकासाहेब. हे त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव, वय जेमतेम पस्तीस. त्यांनी अर्ज हातात घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला आणि परत दिला.

“काका, एक अर्ज, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. नियम आहे.”

“दीडशे?” अनंतरावांचा आवाज चिरकला. “दीडशे शब्दांत तर नमस्कारच होतो.”

“मग नमस्कार काढा.”

अनंतरावांनी घरी येऊन नमस्कार काढला. मग बूच काढलं. सविनय काढताना मात्र त्यांचे डोळे भरून आले. आठवड्यानं ते एकशे त्रेसष्ट शब्दांचा अर्ज घेऊन गेले. काकासाहेबांनी पेन्सिलीनं शब्दाशब्दावर टिंब देत मोजणी केली, तेव्हा खिडकीमागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. तेरा शब्द जास्त भरले. अनंतराव पुन्हा परतले. तिसऱ्या खेपेला त्यांनी अर्ज नेला तो अठ्ठ्याण्णव शब्दांचा. त्यात फक्त एवढंच होतं की तिसऱ्या गल्लीच्या पाणी तपासणीचे मागच्या एका वर्षापासून माहिती मिळेल त्या दिवसापर्यंतचे सगळे अहवाल दाखवा. काकासाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, “काका, आता काय पाहिजे ते कळलं.”

काकासाहेब माहितीच्या अर्जांना मंगळवारी बसायचे. तेव्हा अनंतरावही दर मंगळवारी जाऊ लागले. पूर्वी मंगळवारची सकाळ राजाबाजारच्या गणपतीची असायची. आता गणपतीला लांबूनच हात जोडले जायचे. दहाला घर सोडायचं, दीडला परत यायचं. कधी काकासाहेब रजेवर, कधी रजिस्टर वरच्या मजल्यावर, कधी वरच्या मजल्याची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. तीस दिवस झाले तसं अनंतरावांनी अपील केलं. तेही त्यांनी काकासाहेबांनाच विचारून, त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं, आणि काकासाहेबांनी स्वतःविरुद्धच्या त्या अपिलातले शब्द मोजून दिले. दोघांचं आता चांगलं जुळलं होतं. पंख्याखालची खुर्ची अनंतरावांची ठरून गेली होती. एकदा अनंतरावांना यायला अर्धा तास उशीर झाला तर काकासाहेबांनी घरी फोन करून प्रकृतीची चौकशी केली.

सोळाव्या मंगळवारी काकासाहेब टेबलावर दोन हात ठेवून वाटच बघत होते.

“काका, आले. बसून घ्या. एकोणचाळीस आहेत.”

अनंतरावांनी चष्मा पुसला. पहिला कागद उचलला. ठिकाण: धरणीधर नगर, गल्ली क्रमांक तीन. रंग: स्वच्छ. वास: नाही. चव: आक्षेपार्ह नाही. जंतू: आढळले नाहीत. अभिप्राय: पिण्यास योग्य. नमुना घेणार: बन्सी, मदतनीस. नमुना देणार...

अनंतरावांनी चष्मा काढला, पुन्हा पुसला आणि पुन्हा लावला. नमुना देणार: सौ. प्रमोदिनी अनंतराव परतूरकर. पुढे सही. ‘प्र’ला मागे वळून मारलेला तो झोका, तो त्यांनी चाळीस वर्षं वाण्याच्या यादीवर पाहिला होता. खोट्या सह्या पकडण्यात अनंतरावांचा हात तालुक्यात कुणी धरत नसे. त्यांनी ती सही उजेडाला धरली, उलटी करून पाहिली, भिंग मागून घेतलं. सही खरी होती. दुसरा कागद, तीच सही. तिसरा, तीच. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस, सगळे मंगळवार, सगळे ‘पिण्यास योग्य’. शेवटच्या बारा-तेरा तारखा तर अनंतरावांच्या तोंडपाठ होत्या, कारण त्या दिवशी ते स्वतः याच खुर्चीवर, हेच कागद मागत बसले होते.

काकासाहेबांनी मान लांब करून वाचलं. “परतूरकर? काका, ह्या बाई तुमच्या कोण?”

“ओळखीच्या आहेत,” अनंतराव म्हणाले.

त्यांनी कागदांच्या झेरॉक्स घेतल्या आणि ते रिक्षानं घरी आले. मंगळवारी अनंतराव रिक्षानं आले हे बघूनच कडूबा दारात येऊन उभा राहिला, पण त्यांचा चेहरा पाहून काही न विचारता आत गेला.

प्रमोदिनीबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“बन्सी कोण?” अनंतरावांनी चप्पल न काढताच विचारलं.

“बन्सीभाऊ? नमुनेवाले. आत्ताच गेले, तुमची चुकामूक झाली.”

“दर मंगळवारी येतो?”

“येतात बिचारे अकरा वाजता, उन्हातान्हाचे सायकल मारत. घोटभर चहा घेतात, बाटलीभर पाणी नेतात.”

“कुठलं पाणी?”

प्रमोदिनीबाईंनी मान वर केली. “कुठलं म्हणजे? आपलं.”

“नळाचं की माठाचं?”

“अहो, ते पहिल्यांदा आले तेव्हा नळ कोरडा ठाक. म्हणाले, काकू, गल्लीत कुठंच पाणी नाही, आज नमुना नेला नाही तर मला बोलणी बसतील. दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणू का मी? दिलं माठातलं.”

“आणि नंतर? मधूनमधून मंगळवारी नळाला पाणी होतंच की!”

“होतं ना. पिवळं.” त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “ते कुणाच्या हातात द्यायचं? बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. माझ्या नावानं असलं पाणी ऑफिसात जाणार, चार साहेब उजेडाला धरून बघणार आणि म्हणणार, काय बाई आहे, घरात हे पाणी पाजते. शोभतं का ते?”

अनंतरावांनी चप्पल काढली आणि ते खाली बसले. सगळ्या शहराच्या पाण्यात पहिली आलेली गल्ली म्हणजे त्यांच्याच स्वयंपाकघरातला, रविवारी घासलेला माठ होता.

“मला एका शब्दानं सांगायचंस तरी,” ते कसंबसं म्हणाले.

“दूधवाला येऊन गेला हे सांगते का मी तुम्हाला? आणि तुम्ही तरी कुठं सांगितलंत, ऑफिसात काय शोधताय ते? पाइपाचं, एवढंच म्हणालात.” मग त्यांची नजर कागदांवर गेली. “यात माझं नाव आहे?”

“तेच तर आहे.”

“वाचा बघू.”

अनंतरावांनी वाचलं. रंग स्वच्छ, वास नाही, चव आक्षेपार्ह नाही.

“आक्षेपार्ह नाही म्हणजे काय?”

“म्हणजे चांगली.”

“मग चांगली असं का नाही लिहीत?”

“सरकारात चांगली असं लिहीत नाहीत,” अनंतराव म्हणाले. “याच्या वर तिथं शब्द नाही.”

प्रमोदिनीबाईंनी ओले हात पदराला पुसले. “पुढचा वाचा.”

“पुढचाही तसाच आहे.”

“असू दे. वाचा.”

त्यांनी पुढचा वाचला, त्याच्या पुढचा वाचला. बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. पोथी ऐकतानाही त्या इतक्या स्वस्थ बसत नसत, त्यांना मध्येच दुधाची आठवण व्हायची. बाराव्या कागदाशी अनंतरावांचा घसा बसला आणि त्यांनी थांबून यादीची गोष्ट सांगून टाकली. नापास गल्ल्या आधी, पास गल्ल्या मागं. आपली गल्ली सगळ्यांत मागं.

प्रमोदिनीबाईंनी डोळे उघडले.

“म्हणजे कडूबाच्या उमेला...”

“तसं नव्हे. ती पिवळ्या पाण्यानं आजारी पडली.”

“पण पाइप राहिला तो माझ्या पाण्यानं.”

रागावून घरभर फिरावं असं अनंतरावांच्या मनात होतं, तो राग कधी उतरला हे त्यांनाही कळलं नाही. एकोणचाळीस नमुने चुकीचे आहेत असं लेखी कळवावं, तर बन्सीची नोकरी जाणार. उन्हातान्हात सायकल मारणाऱ्या त्या माणसानं नाही तरी कुणाचं वाकडं केलं होतं? शेवटी अनंतरावांनी कॅलेंडर काढलं आणि आठ-आठ दिवस मोजत गेले. पाण्याचा दिवस पुढच्याच मंगळवारी येत होता.

“या मंगळवारी नळाचं द्यायचं,” ते म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी नुसती मान हलवली आणि मेथी पुढ्यात ओढली.

तो मंगळवार उजाडला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा अनंतराव मंगळवारी सकाळी घरी होते. पावणेअकराला पाणी सुटलं आणि रिवाजाप्रमाणे नळानं खाकरून पिवळी धार धरली. अकराला बन्सी आला. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, खांद्याला बाटल्यांची पेटी. “राम राम काकू,” म्हणून तो सवयीनं चप्पल काढून थेट स्वयंपाकघराकडे निघाला.

“बन्सीभाऊ, आज इकडं,” प्रमोदिनीबाई अंगणातून म्हणाल्या.

बन्सी माघारी आला. त्यानं नळाकडे पाहिलं, धारेकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. “काकू, हे? चेष्टा करता काय गरिबाची? हे कसं नेऊ मी? साहेब म्हणतील, बन्सी, कोणच्या गटारीतून भरलं? अवं, तुमच्या घरचं पाणी म्हंजी लई नामी. परवा लॅबवाल्या मॅडम म्हणत होत्या, ह्या परतूरकर बाईंकडं जाऊन एकदा त्यांचे हात बघावं वाटतंय.”

प्रमोदिनीबाईंचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागल्या. दोन पावलं टाकली असती तर माठ होता. अनंतराव ओट्यावरून उठले. काही बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण चाळीस वर्षांत ज्या पाण्याबद्दल आपण अवाक्षर काढलं नाही, त्याबद्दल आज कुठल्या तोंडानं बोलायचं, तेही कळेना. भिंतीपलीकडून कडूबाचा आवाज आला. “पोरी, सर तिकडं! ते पाणी तोंडात नको घालू, थुक आधी!”

“बाटली आणा,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

बन्सीनं चिठ्ठी काढून पेन उघडलं. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, “आज माझं नाव नको. यांचं टाका.”

अनंतराव लगेच पुढे झाले. आयुष्यात प्रथमच स्वतःचं नाव नापास व्हायला देताना त्यांना धन्य वाटत होतं. “लिही. अनंत, पुढे राव, जोडून,” त्यांनी सुरुवात केली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “इतके मंगळवार माझं आणि आज एकदम तुमचं, तर ऑफिसातले म्हणतील बाईचं पाणी तेवढं चांगलं आहे, हे कुणाचं तरी दुसरंच. यादी हलायची नाही. माझंच लिहा, बन्सीभाऊ.”

त्यांनी बाटली घेऊन धारेखाली धरली. गळ्यापर्यंत भरली, बूच लावलं, बाहेरून पदरानं कोरडी केली आणि बन्सीच्या हातात दिली. मग रजिस्टरवर सही केली. त्या सहीतल्या ‘प्र’चा झोका नेहमीपेक्षा बराच आखूड होता.

बन्सीनं बाटली पेटीत ठेवली. तो जाता जाता अनंतरावांना बाजूला घेऊन म्हणाला, “काका, काकूंची तब्येत बरी हाय ना?”

दहा दिवसांनी अहवाल आला. रंग: पिवळसर. वास: आक्षेपार्ह. अभिप्राय: पिण्यास अयोग्य. नमुना देणार: सौ. प्रमोदिनी अनंतराव परतूरकर. अनंतरावांनी त्याला आधीच्या एकोणचाळीस अहवालांच्या झेरॉक्स जोडल्या आणि असं पत्र लिहिलं की आधीचे नमुने साठवलेल्या, घरी शुद्ध केलेल्या पाण्याचे असून ते देण्यात आमच्या कुटुंबाकडून गैरसमज झाला, त्यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. पत्र एकशे अठ्ठेचाळीस शब्दांत बसलं. साहेबांनी माणसं पाठवून गल्लीतल्या आणखी चार नळांचे नमुने घेतले, तेही आपटले. एप्रिलच्या शेवटी तिसऱ्या गल्लीत खोदकामाचं यंत्र आलं. कडूबानं यंत्राला नारळ फोडला, मग अनंतरावांच्या पायाशी वाकला. अनंतराव अवघडून म्हणाले, “माझं काही नाही, ही...” पण यंत्र सुरू झालं होतं आणि पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही.

जूनच्या आत नवा पाइप पडला. पाणी आठव्या दिवशीच, पण नितळ. गल्लीत आनंदीआनंद. कोपऱ्यावरच्या बायका प्रमोदिनीबाईंना चिडवायच्या, “काय वहिनी, तुमचं पाणी नापास झालं म्हणं सरकारात!” बाईही हसायच्या. मात्र घरी येऊन त्या माठ घासायला घ्यायच्या, मग तो कुठलाही वार असो. अनंतरावांनी हे तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी कोरा कागद पुढ्यात ओढला. चौथ्या दिवशी मंगळवार होता. त्यांनी शर्ट बदलला.

काकासाहेबांनी त्यांना बघितलं आणि सवयीनं पेन्सिल काढली.

“काका, आता काय राहिलं? पाइप झाला ना?”

अनंतरावांनी अर्ज पुढे केला. त्यात मोजून बावीस शब्द होते. धरणीधर नगर, गल्ली तीन, आधीचे एकोणचाळीस अहवाल, प्रत्येकाची शिक्का मारलेली साक्षांकित प्रत हवी.

“आधी दिल्या होत्या की.”

“त्या झेरॉक्स होत्या. आणि त्याही तुमच्याच साहेबांच्या फायलीत लागल्या.”

“पण काका, ते अहवाल आता काय कामाचे? गल्लीचं पाणी ते नव्हतंच. कशाला हव्यात?” एवढं बोलून काकासाहेबांनीच जीभ चावली. माहिती कशासाठी हवी हे विचारायची कायद्यानं मनाई होती, आणि अनंतरावांना कायदा पाठ होता.

अनंतराव मात्र खुर्ची ओढून बसले.

“घरी द्यायच्या आहेत,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं त्या पाण्यावर जगलो. चांगलं आहे असं एकदाही म्हणालो नाही. तुमच्याकडं निदान एकोणचाळीस वेळा लिहून ठेवलंय.”

काकासाहेबांनी शब्द मोजले नाहीत. ते उठले, आतून रजिस्टर घेऊन आले, आणि तीस दिवसांची मुदत असताना त्याच दुपारी दोघांनी मिळून एकोणचाळीस शिक्के मारले.